पटाच्या वाटेतले ढिगारे

रुखमाला दोन गोष्टींचा मनापासून तिटकारा होता. एक शंकरपट आणि दुसरा फटफटीचा आवाज. पहिल्याला हाकलायला तिने दुसऱ्याला दारात आणलं, आणि तिच्याबद्दल गावात आजवर जे काही वाईट बोललं जातं ते तिथून सुरू झालं.

तिचं घर एकोडीजवळच्या एका लहान गावात, वस्तीच्या अगदी टोकाला. मागे मोठी सांदवाडी, म्हणजे परसातली मोकळी जागा, आणि सांदवाडीला लागून धानाच्या बांध्या. धान कापून झालं की गावकरी मधले बांध फोडायचे, जमीन दाबून सपाट करायचे आणि शंकरपटात बैलजोड्या पळवायला दोन सरळ वाटा आखायचे. जोड्या सुटायच्या गावचा पट भरवणाऱ्या भय्याजीच्या घरामागून आणि झेंडी लागायची रुखमाच्या बांधाशी. पण उधळलेली जोडी झेंडीपाशी थांबत नाही. तिला थांबायला पुढे मोकळी जागा लागते. ती जागा म्हणजे रुखमाची सांदवाडी. सासऱ्याच्या काळापासून कुणी विचारलं नव्हतं, कुणी नाही म्हटलं नव्हतं.

तिचा नवरा खेमराज त्या जागेवर उभा राहून येणाऱ्या जोड्या धरायचा. एका वर्षी छकडा त्याच्या अंगावरून गेला आणि कंबर मोडली. पुढची दहा-अकरा वर्षं तो खाटेवर. त्याला कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं, सगळं रुखमाने केलं. पटाच्या कमिटीने एका वर्षी त्याला खाटेसकट नाटकाच्या मंडपात नेऊन शाल-नारळ दिलं. भय्याजी माइकवर म्हणाला, "खेमराजनं पटासाठी आपली कंबर देली!" टाळ्या पडल्या. घरी आल्यावर रुखमाने ती शाल बकरीच्या अंगावर घातली. "देली म्हनते," ती म्हणाली, "जशी मागितली होती याले कोनं!"

खेमराज गेला आणि मग कोर्टाने पटावर बंदी आणली. त्या वर्षांत रुखमा जरा माणसात आली. सांदवाडीत वांगी लावली, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांचे वेल चढवले. गोंदियाकडचं तिचं माहेर; तो जिल्हा वेगळा झाल्यापासून भाऊ "आता तू परक्या जिल्ह्यातली" म्हणून चिडवायचा, तोही एकदा वांगी खाऊन गेला. मग बंदी उठली. गावात फटाके वाजले आणि दुसऱ्याच दिवशी भय्याजी तिच्या फाटकात उभा राहिला.

भय्याजी हा खेमराजचा थोरला चुलतभाऊ, म्हणजे नात्याने तिचा भासरा. भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ द्यायचा नाही आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही, हे तिने लग्नापासून पाळलं होतं. म्हणून ती बकरीशी बोलली.

"बकरे, विचार त्याहिले, कायले आले?"

भय्याजीनेही बकरीकडे पाहिलं. "सांग तिले, हे वेल काढून ठेव म्हना. यंदा पट भरून राहिला."

"वेल नाई निघत म्हना. पट दुसरीकडे भरवा म्हना."

"पिढ्यान् पिढ्या इथंच थांबल्या जोड्या. बाईच्या सांगण्यानं बैल थांबते का?"

"माणूस मोडला तरी नाई थांबले," रुखमा बकरीच्या कानात म्हणाली, पण इतक्या जोरात की शेजारची मंगलाबाई कुंपणापाशी आली.

भय्याजी गेला, पण ऐकून गेला नाही. रुखमाने बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं. चार दिवसांत काटे उचलले गेले आणि चौकातल्या शेकोटीत जळले. तिने बांधीत लाखोरी पेरली. वर आली तशी कुणीतरी ढोरं सोडली. पोलीस पाटलाकडे गेली, तर तो म्हणाला, "काकी, पटाच्या जागेची तक्रार मी लिहू? मले गावात राहाचं हाय." त्या सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती: सरळ, सपाट जमीन. काटा उचलता येतो, पीक तुडवता येतं. मग जमीनच सरळ राहिली नाही तर?

साकोलीत कुंदनचं गॅरेज होतं. पस्तिशीचा माणूस, पण जुन्या फटफट्यांना जाडे काटेरी टायर लावायचे आणि मातीच्या ढिगाऱ्यांवरून उडवायच्या, हाच त्याचा नाद. त्याच्याकडे चार चाकांची एक बुटकी गाडीही होती, जिच्यावर बसलं की माणूस रेड्यावर बसल्यासारखा दिसे. तो आणि त्याचे दोस्त ट्रॅक बांधायला जागा शोधत फिरत होते आणि आवाजापायी प्रत्येक गावाने त्यांना पिटाळलं होतं. रुखमाच्या गावानेही. ते परत निघाले तेव्हा रुखमा रस्त्यात आडवी उभी राहिली.

"तुम्हाले खड्डे खनायले जागा पाह्यजे ना?"

"खड्डे नाही काकू, ट्रॅक. उंचवटे असतात, मग वळण..."

"उंचवटे किती उंच?"

"एकदोन तर माणसाएवढे."

"आन् ते बैल ओलांडू शकते का?"

कुंदन हसला. "बैल? काकू, चांगल्या चांगल्या पोरांची हाडं मोडतात तिथं."

"तर मंग खना," रुखमा म्हणाली. "पैसे नको मले. अन् माझ्या दारात खर्रा खाऊन थुकला कोनी, तर त्याच फावड्यानं टाळकं फोडीन."

पोरं कामाला लागली. ट्रॅक्टरने तलावाचा गाळ आला, वर मुरूम आला. झेंडी लागायची त्या बांधापासून परसदारापर्यंत ओळीने पाच ढिगारे उभे राहिले. पाणी मारायचं, धुम्मसाने ठोकायचं, पुन्हा पाणी. मधे छातीएवढा खड्डा. शेवटी वळणाच्या बाहेरच्या कडेला आत उतरणारी भिंत, म्हणजे वेगात आलेली गाडी बाहेर फेकली जाऊ नये. कुंदन एकेका उंचवट्याचा उतार लाकडाच्या पट्टीने तपासायचा. रुखमाला त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. ती फक्त रोज सकाळी येऊन म्हणायची, "आनखी उंच कर."

"काकू, यापेक्षा उंच केला तर मीच पडीन."

"तर पड."

वांगी मुरुमाखाली गेली, वेल गेले. हे तिला लागलं. पहिल्या रविवारी फटफट्या सुरू झाल्या तेव्हा बकरी दावं तोडून पळाली. रुखमा कानांत कापूस घालून स्वयंपाकघरात बसली आणि दर उडीला शिवी देत राहिली, आलटूनपालटून कुंदनला आणि भय्याजीला.

गावाने तिला सोडलं नाही. तिचं दूध घेणं बंद झालं. तिच्या धानाची मळणी करायला मशीनवाला येईना. नळावर बाया तिच्यामागून म्हणायच्या, "म्हातारपनी पोरं जमवून राहिली बाप्पा!" मंगलाबाई आता कुंपणापाशी यायची ती फक्त थुंकायला. रुखमाने एकदा तिला विचारलं, "तुह्या घरात घुसते का जोड्या?"

"माह्या घरात धूळ घुसून राहिली तुह्या फटफट्यांची!"

"मंग बांधून देऊ का तुलेबी एक ढिगारा?"

पट दोन दिवसांवर आला. बाहेरगावच्या जोड्या येऊन बांधल्या होत्या, नाटकाचा मंडप उभा होता, घरोघरी पाहुणे उतरले होते. त्या सकाळी भय्याजी गावातल्या तेजरामला ट्रॅक्टरसकट घेऊन आला; ट्रॅक्टरला पुढे माती ओढायचं ब्लेड लावलेलं. मागे पन्नासेक माणसं. रुखमा सुपात तांदूळ घेऊन सगळ्यांत उंच ढिगाऱ्यावर चढली आणि निवडत बसली.

"चाल बे, घाल ब्लेड," भय्याजी म्हणाला. "उठते ते."

तेजराम ट्रॅक्टर ढिगाऱ्याच्या पायथ्याशी आणून थांबला. "काकी, उतरा."

रुखमा खडे वेचत राहिली.

"तेजराम!" भय्याजी ओरडला.

"भाऊ, बाई बसली हाय वर. मले कायले फसवता?" त्याने इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली.

मग भय्याजी स्वतः चढायला लागला. मुरूम पायाखालून घसरत होता, तो दोन्ही हात टेकून वर येत होता. अर्ध्यात आला तेव्हा रुखमाने सूप बाजूला ठेवलं आणि डोक्यावरचा पदर मागे टाकला.

"या भय्याजी," ती त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली. उभ्या जन्मात पहिल्यांदा तिने त्याला नावाने हाक मारली होती. "वर या. तुमच्या भावाले मी कुशीवर वळवत होती तेव्हा एक दिवस आले नाई तुमी. आज एवढे चढून आले तं बसा. ब्लेड दोघांच्याबी अंगावरून जाऊ द्या."

भय्याजी तिथेच चार पायांवर थांबला. पुढे जायला तो तयार नव्हता, मागे वळायला लाज वाटत होती. शेवटी पाय घसरला आणि तो बसल्या बसल्या खाली आला. कुणीतरी हसलं. हसणारा आपल्या गावचा की पाहुणा, यावरून नंतर मारामारी झाली.

पट बंद ठेवणं शक्य नव्हतं. जोडीवाल्यांनी तंबी दिली, पाहुणे चुळबुळायला लागले. कमिटी वडाखाली बसली आणि एकच उपाय निघाला: पट उलटा पळवायचा. जोड्या रुखमाच्या बांधापासून सुटतील आणि भय्याजीच्या सांदवाडीत थांबतील. भय्याजीने कपड्यांना लागलेला मुरूम झटकला. मग म्हणाला, "भरवा."

पटाच्या दिवशी रुखमा घरातच होती. सुटणाऱ्या बैलांचा पहिला हुंकार तिच्या भिंतीला लागून उठायचा आणि मग आरोळी लांब जायची. ती लांब गेलेली आरोळी ऐकायला तिला बरं वाटत होतं. दुपारी पलीकडून वेगळाच गलका आला. ती उठली नाही. संध्याकाळी नळावर तिच्याशी न बोलणाऱ्या बाया एकमेकींशी मोठ्याने बोलल्या, त्यातून सगळं कळलं. तिसरी जोडी भय्याजीच्या न्हाणीच्या टिनात शिरली. लसणाचे वाफे सपाट झाले. धुणं बैलाच्या शिंगांना लटकून गावभर फिरलं. माणूस कुणी मोडला नाही, पण भय्याजीची सून तृप्ती न्हाणीत होती. मागच्या मागे निघाली म्हणून वाचली.

दुसऱ्या दिवशी तृप्ती रुखमाच्या फाटकात आली. कोपराला खरचटलेलं, चेहरा रागाने लाल. आत या म्हणायची वाट न पाहता ती सांदवाडीत शिरली आणि कुंदन उंचवटा ठोकत होता तिथे उभी राहिली.

"तुमच्यापायी झालं हे सारं, काकी," ती रुखमाकडे न बघता म्हणाली. "मामाजी म्हनते, पुढच्या वर्षीबी आमच्याकडेच थांबतीन जोड्या. इज्जतीचा सवाल हाय म्हनते."

"मंग मले काहून सांगून राहिली?"

तृप्तीने सगळ्यांत उंच ढिगाऱ्याला हात लावला, दाबून पाहिला आणि कुंदनला विचारलं, "भाऊ, आमच्या सांदवाडीत असे किती बसतीन?"

कुंदनने रुखमाकडे पाहिलं. रुखमाने कानातला कापूस काढला.

"पाच बसतीन," ती म्हणाली. "गाळ तुमचा तुमी आना."