रायफलींना तेल पाजणाऱ्या बनुताई

बनुताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका रायफलीला धपाटा घालत होत्या. साताऱ्याहून मी यवतमाळच्या मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवायला नुकतीच आले होते. कोपऱ्यातल्या खोलीचं दार उघडं दिसलं म्हणून डोकावले. पदर खोचलेल्या एक ठेंगण्या बाई भिंतीशी उभ्या केलेल्या रायफलींच्या लाकडी दस्त्यांवर थाप मारत होत्या आणि कान लावून ऐकत होत्या. एकीतून खुळुक असा आवाज आला.

"पाह्य, दात हलून राह्यले इचे," माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या. "तुमी नव्या बाई ना? या आतमंदी. चावत नाई ह्या."

चीनच्या लढाईनंतर शाळांमधून मुलींना नेमबाजी शिकवायचं ठरलं आणि आमच्या शाळेच्या वाट्याला जुन्या रायफली आल्या. पथक कोण सांभाळणार, असं मोठ्या बाईंनी विचारलं तेव्हा सगळ्या शिक्षिका आपापल्या वह्या तपासू लागल्या म्हणे. हात वर केला तो भूगोलाच्या बनुताईंनी. त्यांचे वडील राळेगावला कोर्टात कारकून. "आमच्या घरी हत्यार म्हंजे टाक," त्या सांगत, "अन् इळी. तेही बोथट." वर्गात त्या पुस्तकासारखं शुद्ध बोलत आणि उंबरठा ओलांडला की थेट वऱ्हाडीत शिरत. मी एकदा त्याचं कारण विचारलं. "वर्गात मी सरकारची, भायेर माह्या मायची," हे उत्तर.

रायफली आल्या होत्या श्रावणात. तेव्हा हवा ओली, लाकूड फुगलेलं, सगळं घट्ट बसलेलं. होळी झाली आणि यवतमाळचं ऊन तापलं. दारं आखडली, खुर्च्या करकरू लागल्या आणि रायफलींचे दस्तेही आकसले. स्क्रू सैल झाले. एका दस्त्याच्या मानेशी केसाएवढी चीर दिसू लागली.

त्याच सुमारास सोमलीचा नेम बिघडला. सोमली फुलसावंगीकडच्या तांड्यावरची, वसतिगृहात राहणारी. तिच्या तांड्यातून शिकायला बाहेर पडलेली ती पहिलीच मुलगी. नागपूरच्या स्पर्धेसाठी तिचं नाव नक्की होतं, आणि आता तिच्या गोळ्या चारी दिशांना जायला लागल्या. शिकवायला येणारे हवालदारसाहेब उत्तरेकडचे, मिशा पीळदार. ते म्हणाले, "लडकी घबराती है. टीम से नाम काटो." सोमली "याडी, याडी" करत आईच्या नावानं रडू लागली.

बनुताईंनी तिच्या हातातली रायफल घेऊन हलवली. "काहून रडतं? तुहा नेम नाई सुटला, हिचा सुटला. लाकूड वाळलं हिचं."

"लकडी का बहाना मत बनाओ, मॅडम," हवालदारसाहेब म्हणाले.

बनुताई हट्टाला पेटल्या. वाळलेल्याला काय हवं? पाणी! त्यांनी दस्त्यांना ओली गोणपाटं गुंडाळली, खिडकीला वाळ्याचा पडदा लावला. तो पडदा मोठ्या बाईंच्या खोलीतला होता. त्या बिचाऱ्या पुठ्ठ्यानं वारा घेत बसल्या आणि रायफली गारव्यात. दस्ते फुगले, चीर मिटली. बनुताई माझ्यापुढे एवढ्या ऐटीत चालू लागल्या की मला हसू आवरेना.

मग एके दिवशी सकाळच्या प्रार्थनेला शाळेत पाहुणे आले. त्यांना सलामी द्यायची म्हणून मुली रायफली घेऊन उन्हात उभ्या होत्या. मोठ्या बाई शिस्तीवर बोलत होत्या. भिजून फुगलेलं लाकूड उन्हानं झपाट्यानं वाळलं, आणि ती चीर टाच्चकन उकलून पार खालपर्यंत गेली. गोळी सुटली असं वाटून मोठ्या बाई टेबलाखाली शिरल्या. पाहुणे त्यांच्या आधीच तिथे होते. शिवाय हवालदारसाहेबांनी नळ्या तपासल्या, तर त्यांवर ओल्या गोणपाटांमुळे गंज.

"पथक बंद!" मोठ्या बाई टेबलाखालूनच म्हणाल्या.

बनुताई पुढे झाल्या. तोंड पांढरं पडलं होतं, पण आवाज खणखणीत. "पाणी मीनं पाजलं. माह्यी अक्कल चरायले गेलती. पोरीईले त्यात ओढू नोका. अन् सोमलीचं नाव काटू नोका."

हवालदारसाहेबांनी उकललेला दस्ता हातात घेऊन चिरेवरून बोट फिरवलं. "लकडी सचमुच हिलती थी," ते हळूच म्हणाले. "पानी नहीं, इसको अलसी का तेल पिलाते हैं. मैंने डिपो से मँगाया है. आया नहीं."

"अलसी म्हंजे जवसच ना?" बनुताईंना हसू फुटलं. "अहो, आमी ते चटणीवर घेऊन राह्यलो रोज! डेपोची वाट कायले पाह्यची?"

मग दोघांनी मिळून मोठ्या बाईंची समजूत घातली. वसतिगृहाच्या मुलींनी, मी आणि मिशांना पीळ देत हवालदारसाहेबांनीही दस्त्यांना तेल चोळलं. शाळाभर असा वास सुटला की मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी विचारलं, "आज चटणी कोणी आणलीय?"

नागपूरला सरावाच्या गोळ्या झाल्या. सोमलीच्या सगळ्या गोळ्या एकाच जागी लागल्या, पण निशाणापासून चांगल्या हातभर वर. बाकीचे हसले. बनुताईंनी मात्र हवालदारसाहेबांचा हात धरून हलवला. "पाह्यलं? साऱ्या एकाच घरात शिरल्या! घर चुकलं, पोरगी नाई चुकली." हवालदारसाहेब वाकले आणि त्यांनी रायफलीच्या नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी नीट केली. खऱ्या फेरीत सोमली तिसरी आली. "पयला नंबर काहून नाई?" म्हणून ती यवतमाळपर्यंत फुगून बसली, आणि बनुताई तिच्या त्या फुगण्यावरच खूष.

पुढे मारेगावच्या नव्या शाळेत मोठ्या बाई म्हणून बनुताईंची बदली झाली. आम्ही एसटी स्टँडवर पोचवायला गेलो. हवालदारसाहेब कडक इस्त्रीच्या गणवेशात आले आणि खाडकन सलाम ठोकून उभे राहिले. बनुताईंच्या एका हातात वळकटी, दुसऱ्यात तुळशीची कुंडी.

"हात खाली घ्या, साहेब. माह्ये दोन्ही गुंतले, मले सलाम करता नाई येत."

"आप बैठिए, मॅडम. मेरा हाथ नहीं थकता."

बस धूळ उडवत निघाली. हवालदारसाहेबांचा हात तसाच. वळणावर खिडकीतून एक हात बाहेर आला, कपाळाकडे गेला आणि झोकात हलला. सलाम होता, पण डाव्या हाताचा. आमच्या एखाद्या मुलीनं तसा केला असता तर हवालदारसाहेबांनी तिला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं. मिशीवरची धूळ पुसायच्या निमित्तानं ते डोळे पुसत होते.

"बिलकुल सही," ते म्हणाले.