काकांच्या शर्टाची कॉलर

उधळलेल्या वासराला एक पाऊलही न धावता पकडणारा माणूस साऱ्या मालवण तालुक्यात एकच आहे, आणि तो नेमका आमच्या घरात आहे, याचा मला थकवा येत असे. माझे धाकटे काका. आचऱ्याच्या अलीकडे आमचा गोठा आहे. गायी मी बघतो, पण वासरू धरायचे म्हटले की मान त्यांचा. कानात बिल्ला मारायचा असो की जंताचे औषध पाजायचे असो, काका अंगणाच्या मधोमध वासराकडे पाठ करून जमिनीवर बसतात आणि बसूनच राहतात. त्या दिवशी आंघोळही करत नाहीत, कारण घामाच्या खारटपणासाठी वासरू मान चाटायला येते. "पाठसून धावलास तर ता पळतला. पाठ केलंस की येतला," हे त्यांचे शास्त्र. वासरू आधी मान चाटते, मग कॉलर चघळते. ते कॉलरीत रंगले की काका हळूच मागे हात टाकून त्याच्या गळ्यात घालतात. तोवर औषध पाजणाऱ्याचा दुसरा चहा होतो. "ह्यांच्या एका शर्टाक धड कॉलर नाय," काकी येईल त्याला सांगते. "लग्नाक जाताना मफलर गुंडाळतत, तोय मे म्हयन्यात."

वासरांची नावेही काकाच ठेवतात. वासरू जन्मल्यावर घरात जो पहिला येईल त्याचे नाव. त्यामुळे आमच्याकडे एक पोस्टमन आहे, एक वायरमन आहे, आणि काकांच्या लेकीच्या सासूबाई आल्या त्या सकाळी जन्मलेली कालवड म्हणजे विहीणबाई. पुढच्या खेपेला त्या ओटीवर चहा पीत असताना अंगणातून काकांचा आवाज आला, "विहीणबाई परत माती खातत रे. तोंडाक मुसकी बांधा." माझा चहा मी कसाबसा संपवला. त्यांनी कप खाली ठेवला.

गेल्या वर्षी काकांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. जमिनीवर बसायचे नाही, अशी सक्त ताकीद. मग मी लोखंडी खोडा करून घेतला. एका बाजूने वासरू आत घालायचे, दांडा टाकायचा, काम संपले. काकांनी त्याच्याकडे एकदाच पाहिले. "बरो आसा. तुझ्या काकीक कपडे वाळत घालूक."

लसीच्या दिवशी बाकीच्या कालवडी खोड्यातून मुकाट गेल्या. विहीणबाई मात्र खोडा बघताच माडांमधून उधळली. मी आणि गडी धावून धावून घामाघूम झालो. गुरांचे डॉक्टर घड्याळ बघत म्हणाले, "लस कालवून ठेवलीय, फार वेळ टिकणार नाही. पुढच्या खेपेपर्यंत हिचं लसीचं वय निघून जाईल. मग गाभण राहिल्यावर गर्भ टाकला तर मला बोल लावू नका." मी काकांकडे बघायचे टाळत होतो. तेवढ्यात ते अंगणाच्या मधोमध जाऊन खाली बसलेसुद्धा.

"काकानू, गुडघो," मी म्हटले.

"गप रे. तिका वाटाक व्हया, तिणाच माका धरल्यान."

आम्ही सगळे मागे सरलो. डॉक्टरांनीही घड्याळ बघायचे सोडले. विहीणबाई लांबून आली, थांबली, परत आली. मान चाटली, कॉलर तोंडात धरली, आणि काकांचा हात तिच्या गळ्यात गेला. सुई टोचून झाली. डॉक्टर म्हणाले, "सोडा काका." काकांनी सोडले नाही. मला वाटले, लाड करताहेत. मग दिसले की तिच्या आधाराने ते उठायला बघताहेत, आणि पाय साथ देत नाही. मी आणि गडी, दोघांनी काखेत हात घालून त्यांना उचलले. ते धोतर झटकत राहिले, धूळ गेल्यावरही.

"आता खोडोच वापर," ते म्हणाले. "वासरू धरूक एक माणूस आणि माणसाक उठवूक दोन, ह्या बरा नाय."

हल्ली आमचे काम लवकर उरकते. काका ओटीवर खुर्चीत, आंघोळ करून. खोड्यावर काकीने वाळत घातलेले त्यांचे नवे शर्ट असतात. काल ती एकेक शर्ट काढून घडी घालत होती. एकाची कॉलर तिने बोटांनी चाचपून पाहिली. शाबूत होती. सगळ्यांच्याच होत्या.