उन्हात ठेवलेला डोंगा

आम्हा तिघा मित्रांचा मिळून एक डोंगा होता, हे आज सांगितलं तर लोक हसतात. समुद्र आमच्या जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांनी पाहिलेला नाही, आणि शौकासाठी नाव बाळगणारी माणसं आम्ही मासिकातल्या चित्रांतच बघितलेली. पण वैनगंगा दाराशी होती. आणीबाणी उठल्यानंतरच्या हिवाळ्यात गावातल्या मासे धरणाऱ्या म्हाताऱ्या ढिवराने, आता हात चालत नाहीत म्हणून, आपला मोठा डोंगा आम्हाला देऊन टाकला. एका जुन्या आंब्याच्या खोडातून कोरलेला, चार माणसं आरामात बसतील असा.

तिघांपैकी मी गावच्या शाळेत मास्तर. दुसरा अड्याळच्या बाजारात कापडाचं दुकान मांडायचा. त्याला पोहता येत नव्हतं, त्यामुळे डोंग्याच्या दोन्ही कडा घट्ट धरूनच तो निसर्गसौंदर्याचा आनंद घ्यायचा. तिसरा नदीकाठच्या धानाच्या बांध्यांचा धनी. डोंगा चालवायचा तोच. म्हाताऱ्याच्या मागे लागून त्याने ते शिकून घेतलं होतं. मी आणि कापडवाला, दोघंही बसून खाणारे.

धान चुरून घरात आलं की आमचे रविवार सुरू व्हायचे. कुठे पोचायचं नसायचं. पाणी नेईल तिकडे जायचं, रेती दिसली की उतरायचं, गोवऱ्यांवर पानगे भाजायचे, वांग्याची भाजी रटरटत ठेवायची आणि रेडिओ कानाशी घेऊन उताणं पडायचं. ढिवरांनी रेतीत लावलेल्या डांगरवाडीतून एखादं डांगर, म्हणजे खरबूज, मिळायचं. आमचा तिसरा मित्र मात्र क्वचितच पडायचा. पाण्याकडे बघत बसायचा, आणि मी काही बोललो की नुसता हुं म्हणायचा. मी शाळेत दिवसभर ओरडणारा माणूस, मला ते हुं फार आवडायचं. माझं त्या माणसावर प्रेम होतं, हे तेव्हा कोणी म्हटलं असतं तर मी त्याची टर उडवली असती.

त्याची धाकटी बहीण पवनीच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्याच गावात दिलेली होती. लहानपणी ती त्याच्यामागे लागायची की मला ढिवराच्या डोंग्यात बसव, आणि हा रोज उद्या-उद्या करायचा. तेवढ्यात तिचं लग्न झालं. ती रुखरुख त्याच्या मनात राहिली होती. येत्या भाऊबीजेला पाण्यानेच येतो, तुला डोंग्यात फिरवतो, असा निरोप त्याने डोंगा मिळाल्यावरच्या चौथ्या हिवाळ्यात तिला धाडला. तिने तो सगळ्या सासरभर सांगितला. आम्ही दोघंही बरोबर जाणार होतो, वाटेत एक मुक्काम रेतीवर.

होळीच्या आधीच्या रविवारी आमचं भांडण झालं. तो तळाशी बांबू रोवून डोंगा ढकलता ढकलता दमला, खोकला, आणि अर्ध्यातूनच परत फिरू म्हणाला. मला पुढच्या वळणापर्यंत जायचं होतं. मी म्हणालो, डोंगा काही तुझ्या एकट्याचा नाही. त्याने डोंगा वळवला, घाटाला लावला आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर मी चार लोकांत तेच वाक्य मीठमसाला लावून पुन्हा बोललो. ते त्याच्या कानावर गेलं आणि आमचं बोलणं बंद झालं.

चैत्र संपताना मी घाटावर गेलो तर डोंगा जागेवर नाही. धुणं धुणाऱ्या बाईने सांगितलं की त्याने स्वतःच्या हाताने त्यात दगड भरले आणि वरच्या डोहात बुडवला. माझं डोकं फिरलं. माझ्यावरचा राग त्या मुक्या लाकडावर काढला, असंच मला वाटलं. दुसरं काही असू शकेल हा विचारही शिवला नाही. म्हातारा ढिवर आदल्या पावसाळ्यात वारला होता. तो असेतो नदी आटल्यावर डोंगा कुठे असतो, हे आम्ही दोघांनी कधी विचारलंच नव्हतं. दिवाळीनंतर डोंगा घाटावर हजर असायचा, आम्हाला तेवढं पुरे होतं.

मी तीन माणसं आणि बैलजोडी लावून डोंगा वर काढला. गाळ खरवडला. शाळेच्या मागे दगडांवर पालथा घालून वैशाखाच्या उन्हात चांगला वाळू दिला, आणि जवसाचं तेल आणून रोज चोळत बसलो. गाडी असो, नांगर असो, लाकूड कोरडं ठेवावं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं, आणि मी तर विज्ञान शिकवणारा. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी अभिमानाने डोंगा दाखवत होतो.

चार दिवसांनी कापडवाला आला. चेहरा पाडून म्हणाला, "तो म्हणून राहिला, मास्तरले सांग, डोंगा वाळाच्या आंधी पान्यात टाक."

मी म्हणालो, "त्याले सांग, एकदा बुडवला तेवढं पुरे झालं."

हे वाक्य मी बोललो. आज पन्नास वेळा गिळलं तरी ते परत येतं.

पुढच्याच आठवड्यात, मी वर्गात उत्तरपत्रिका तपासत बसलो असताना, भर दुपारी मागून काड्कन आवाज आला. जाऊन पाहतो तर डोंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत उकललेला. फटीत माझी चार बोटं जात होती. म्हाताऱ्याची विधवा मासोळ्या विकायला गावात आली होती, ती आवाज ऐकून आत आली आणि कपाळावर हात मारून उभी राहिली. उन्हाळाभर डोंगा डोहात बुडवूनच ठेवावा लागतो, म्हणाली. दगड भरून. लाकूड वाळलं की फुटतं. तिचा नवरा जन्मभर तेच करत आला होता, आणि माझा मित्र चैत्रात तिच्याकडे येऊन सगळं नीट विचारून गेला होता.

मी त्याच संध्याकाळी त्याच्याकडे जायला हवं होतं. गेलो नाही. लाज वाटली, आणि लाज वाटली की मला आणखी राग येतो, असा माझा स्वभाव. पत्र्याच्या पट्ट्या ठोकल्या, डांबर ओतलं. आश्विनात डोंगा पाण्यात लोटला तर माझ्या डोळ्यांदेखत काठोकाठ भरून खाली गेला. माझा मित्र बांधावर उभा राहून बघत होता. तेव्हा कुठे मला दिसलं की त्याचा सदरा अंगावर लोंबतोय. भंडाऱ्याच्या दवाखान्यात त्याला सुया चालू होत्या, छातीच्या रोगाच्या. होळीच्या आधीपासूनच त्याला ताप येत होता. हे मला कापडवाल्याने मागाहून सांगितलं.

भाऊबीजेला तो एसटीने गेला. पिशवी मांडीवर घेऊन फाट्यावर बसलेला तो मला सायकलवरून जाताना दिसला. थांबलो. तो म्हणाला, "जाऊन येतो, मास्तर." आठ महिन्यांनी तो माझ्याशी बोलला होता. मला खूप काही बोलायचं होतं. मी म्हणालो, सांभाळून जा.

माघात तो गेला.

तेरवी झाल्यावर मी त्याच्या बहिणीकडे गेलो. ठरवूनच गेलो होतो, की तिला सगळं सांगायचं. तुझा भाऊ पाण्याने आला नाही त्याला कारण मी, एवढं तरी तिच्या तोंडावर बोलायचं. तिने पाटावर बसवलं, पाणी दिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत तीच बोलायला लागली.

"भाऊ भाऊबीजेले आला तवा लय रडला, गुरुजी. डोंगा माह्याच हातानं फुटला म्हणे. मीच उन्हात टाकला. मास्तर बिचारा रोज तेल लावून लावून त्याले वाचवाले पाह्यत होता, असं सांगे."

तिने पदराने डोळे पुसले आणि मला हात जोडले. म्हणाली, तुम्ही होते म्हणून त्याले आधार होता.

ती चुलीकडे वळली तेव्हा मी उठून खरं सांगू शकलो असतो. तिने भात वाढला, वर वरण घातलं, आणि पोटभर जेवा म्हणाली. मी मान खाली घालून जेवलो.