उजेडाकडे तोंड

रडणं हा माझा धंदा होता. उगाच शब्द गोड करून काय सांगायचं? सिनेमात मी नायिका कधी झाले नाही, खलनायिकाही नाही. नायकाची आई, नाहीतर वहिनी, नाहीतर शेजारची काकू. आणि पिक्चर अर्धा व्हायच्या आत माझा नवरा मेलेला असायचा. मग पांढरं पातळ नेसून मी रडायचे. सीताबर्डीवर भाजी घेताना बायका एकमेकींना कोपरानं ढोसत, "अवं, थे रडनारी बाई पाय!" माझं नाव कुणाला ठाऊक नसे. ठाऊक असून तरी काय दिवे लागणार होते म्हणा.

रडायला मला डोळ्यांत काही घालावं लागत नसे, यावरच माझी सगळी मिजास. साठच्या दशकात नागपूरला हौशी नाटकांतून कामं करता करता एका पिक्चरला बोलावणं आलं. पहिल्याच दिवशी कॅमेरामन खेकसला, "बाई, रडता झकास, पण जमिनीला दाखवून काय उपयोग? हनुवटी वर. उजेडाकडे तोंड." ते अंगात मुरलं ते मुरलंच. पुढे सिनेमात काय आणि टीव्हीवर काय, रडू यायच्या आधी माझी हनुवटी वर जायची.

नवरा सरकारी कचेरीत कारकून. नंदनवनात आमचं दोन खोल्यांचं घर. मी मुंबईहून शूटिंग करून आले की हे सायकल घेऊन स्टेशनवर हजर. माझी बॅग कॅरियरला बांधता बांधता पहिला प्रश्न ठरलेला.

"बोल, या खेपेले कायनं मेलो मी?"

"टीबीनं."

"अन् मांगच्या बारीले?"

"ट्रकखाली."

"बाप्पा! त्याच्यापेक्षा टीबी बरा. चार दिवस सेवा तरी झाली असंन माही."

भर स्टेशनवर आम्ही दोघं खो खो हसायचो. नवरा-बायको असं हसतात का चारचौघांत, म्हणून लोक वळून बघायचे. बघू देत.

सासूबाईंना यात हसण्यासारखं काही वाटत नसे. त्या उमरेडला असत, सासऱ्यांबरोबर, शेतीवर. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. नवरा जिवंत असताना सुनेनं कुंकू पुसून पांढरं नेसायचं म्हणजे यमाला घराचा पत्ता देणं, असं त्यांचं म्हणणं. काम सोड असं मात्र त्या कधी म्हणाल्या नाहीत. तोड त्यांनीच काढली. पांढरं नेसले असेन त्या खेपेला घरी जायचं नाही. स्टेशनवरून सरळ एस्टी स्टँड, तिथून उमरेड. त्यांच्याकडून ओटी भरून घ्यायची, नवा हिरवा चुडा भरायचा, मगच नंदनवनातला उंबरठा ओलांडायचा. "कोनाचं मरन घेऊन आली वं आज?" म्हणत त्या माझ्या पदरात तांदूळ आणि नारळ घालायच्या आणि कपाळावर एवढं मोठं कुंकू लावायच्या, की परतीच्या बसमध्ये कंडक्टरसुद्धा टकमक बघायचा. प्रवासानं अंग आंबलेलं असायचं, मी चिडायचे, यांच्यावर फणकारायचे. पण चुकवलं एकदाही नाही.

नागपुरात टीव्ही आले तसा माझ्या रडण्याला ऊत आला. रविवारी सगळी गल्ली आमच्या घरात. आत्याबाई आलेल्या असल्या तर टीव्हीकडे पाठ करून भुईमुगाच्या शेंगा सोलत बसायच्या. मी रडायला लागले की त्यांचे हात जोरात चालायचे.

एकदा नवल झालं. मला भरल्या कपाळाच्या मावशीचं काम मिळालं. नवरा शेवटपर्यंत ठणठणीत, खुर्चीत बसून पेपर वाचतोय. स्टेशनवर यांनी विचारायच्या आतच मी म्हटलं, "या खेपेले मेलेच नाही तुम्ही!"

"म्हणजे जित्ता आहो मी? चाल, पहिले जिलबी खाऊ."

पांढरं नेसलंच नव्हतं, तेव्हा उमरेडला जायचं कारण नव्हतं. जिलबी खाल्ली आणि सरळ घरी आलो. त्यानंतरच्याच एका रविवारी हे जेवून उठले, हात धुवायला मोरीवर गेले आणि भिंत धरून खाली बसले. डॉक्टर यायच्या आत सगळं आटोपलं होतं.

यांना उमरेडला नेलं. अंगणात ठेवलं. बायका माझ्या बांगड्या फोडायला बसल्या तेव्हा माझ्या मनात काय आलं, ऐका. शूटिंगला आम्ही बांगड्यांना आधी बारीक चीर पाडून ठेवायचो; ह्या काही एका फटक्यात फुटायच्या नाहीत. नवरा अंगणात पडलेला आणि मी हे बघत होते! लाज वाटते हो. अजून जेवताना आठवलं तर घास तोंडात फिरतो.

आमच्याकडे रीत अशी, की भेटायला बायका आल्या की त्यांच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडायचं. एक घोळका उठतो न उठतो तोच पुढच्या बसनं दुसरा येतो, की पुन्हा पहिल्यापासून. आणि मला रडूच येईना. एक टिपूस नाही. दुसऱ्या दिवशी कुजबुज सुरू झाली. "सिनेमात तं धो धो रडते, अन् आता पाय कशी बसून राह्यली!" ते आत्याबाईंच्या कानावर गेलं. त्या माझ्याजवळ वाकल्या. सासरे हयात, म्हणून त्यांच्या हातांत बांगड्या होत्या. माझ्यासमोर वाजू नयेत म्हणून त्यांनी त्या कोपराकडे सरकवून घट्ट बसवल्या होत्या.

"रड वं माय," त्या हळूच म्हणाल्या. "लोक पाहून राह्यले."

आणि मी रडले. काय रडले म्हणून सांगू! आधी ओठ थरथरले, मग श्वास अडकला, मग हंबरडा. सगळं जिथल्या तिथं. बायका ओक्साबोक्शी रडायला लागल्या. मागून एक म्हातारी कौतुकानं म्हणाली, "अश्शीच रडली होती वं थे पिक्चरमंधी!"

मी डोळे उघडले. माझी हनुवटी वर होती. गळ्यात पडलेल्या बाईला मी एका खांद्यावर घेतलं होतं आणि तोंड बरोबर खिडकीकडे केलं होतं, जिथून ऊन येत होतं. समोर आत्याबाई उभ्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, मग खिडकीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. गावाची मला पर्वा नव्हती, गाव गेलं उडत. पण जिचा मुलगा गेला तिच्याच घरात मी खेळ करून दाखवला होता. ज्या बाईनं वर्षानुवर्षं माझं कुंकू राखलं, तिला आता वाटणार की हिचा माझ्या पोरावर जीवच नव्हता. तिची खात्री कशी पटवू? रडून? माझ्या रडण्यावर आता विश्वास कोण ठेवणार, मीच ठेवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बसच्या वेळेला, आत्याबाईंनी मला हाताला धरून धान्याच्या खोलीत नेलं. बाहेरच्या बायकांना ओरडून सांगितलं, "सुनेले बरं नाही, बसा जराशा." मग दार लावलं आणि खिडकीही लावली. आत मिट्ट काळोख. त्या माझ्याजवळ जमिनीवर बसल्या.

"काल खिडकीकडे काहून पाह्यलं वं तू?"

थाप मारता आली असती. पण त्या बाईशी नाही मारवली.

"उजेड होता तिकडं," मी म्हटलं. "सवय आहे, आत्याबाई."

त्या आणखी जवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "मले एक सांग. तो गेला, हे तुले समजलं का?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "त्यांनी विचारलंच नाही, आत्याबाई. दर खेपेले विचारत होते, कायनं मेलो म्हणून. या खेपेले विचारलंच नाही."

आणि मग जे आलं ते माझं मलाच ओळखू येईना. उचकी लागल्यासारखा तुटका, घोगरा आवाज, नाक गळतंय, लाळ गळतेय. कुठल्याही दिग्दर्शकानं हाकलून दिलं असतं असं रडणं. आत्याबाईंचा हात काळोखात चाचपडत आला आणि माझ्या गालाला लागला.

हात लागला मात्र, माझी हनुवटी वर गेली.

त्यांना ते कळलं. त्यांनी तळवा माझ्या हनुवटीवर ठेवला, हलकेच खाली दाबला आणि माझं डोकं मांडीवर ओढून घेतलं.

"मान खाली घाल, माय," त्या म्हणाल्या. "इथं मीच आहो."