रिळाचं चाक

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला, आमच्या लेकीच्या बैलाला पहिलं बक्षीस मिळालं होतं, ही गोष्ट मी आल्यागेल्याला वर्षानुवर्षं सांगत आलो. ती अर्धीच होती.

पोळ्याच्या चार दिवस आधी बैलाचं एक चाक तुटलं. आठ वर्षांच्या लेकीने आईच्या शिलाई मशीनचं रिकामं लाकडी रीळ घेतलं, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून जाडी जुळवली आणि चाकाच्या जागी बसवलं. बैल लंगडायचा, पण चालायचा. मला वाटलं, लोक हसतील. ती शाळेत गेल्यावर मी सुताराकडून चारही चाकं नवी बसवून आणली. तिला सांगितलं, “तुझं रीळ चिरलं.”

बक्षीस सुताराच्या चाकांना मिळालं. पुढे घरात काहीही बिघडलं की लेक ते माझ्यापुढे आणून ठेवी. “बाबा, तुम्हीच करा. मी केलेलं टिकत नाही.”

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला आमच्या हुडकेश्वरच्या घरासमोर नात तोच बैल ओढत होती.

“आबाजी, हा उजवीकडेच काहून पळून राहिला?”

पुढचं उजवं चाक जाम होतं. तेलाचा थेंब पुरला असता. माझा हात बाटलीकडे गेला आणि तिथेच थांबला. शेजारी पायरीवर लेक बसली होती. तिला सगळं सांगून टाकलं.



“म्हणजे माझं रीळ चाललं होतं?”

“मस्त चाललं होतं. लंगडत.”

“काहून गा बाबा असं केलं?” तिचे डोळे भरले, पण आवाज चढला. “आता तिच्या बैलाले हात तर लावून पाहा! मांडीखाली हात ठेवा आन् चुपचाप बसा.”

बसलो. नातीने मधोमध बांधलेली दोरी सोडून डाव्या शिंगाला बांधली. बैल आणखीच उजवीकडे वळून थेट तुळशीच्या कुंडीवर गेला. मग उजव्या शिंगाला बांधली. बैल कुरकुरत, पण सरळ निघाला. मांडीखाली माझे हात नुसते वळवळत होते.

स्पर्धेत बक्षीस मिळालं नाही. घरोघरी बैल नेल्यावर मिळतो तो बोजाऱ्याचा खाऊ मात्र फ्रॉकची ओटी भरून मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिक्सर बंद पडला. सवयीने मी उठलो.

“बसा,” लेक म्हणाली आणि पेचकस घेऊन तिने तो स्वतः उघडला.

जोडल्यावर एक स्क्रू उरला. मिक्सर चालतो आहे. स्क्रू मी खिशात जपून ठेवला आहे.