रिंगला आग्रह

मी अमरावतीच्या त्या कॉलेजात खेळांची शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा आमच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमने शेवटची मॅच कधी जिंकली हे कुणालाच आठवत नव्हतं. मला वाटलं, पोरींना खेळता येत नसेल. पण तसं नव्हतं. पोरी धावायच्या छान, पास नेमका द्यायच्या, बॉल हातातून सुटत नसे. फक्त रिंगपाशी पोचल्या की सगळं अडायचं.

कॅप्टन म्हणायची, "तू टाक व."

दुसरी म्हणायची, "नाही माय, तूच टाक. तुहा नेम चांगला हाय."

तिसरी मध्ये पडायची, "तिले टाकू द्या. तिनं सकाळपासून नाही टाकला."

असा तो बॉल पाचही जणींच्या हातून फिरायचा आणि शेवटी समोरच्या टीमची कुणीतरी तो घेऊन जायची. जाताना आमच्या पोरी तिला बाजूला सरून वाट द्यायच्या. ती पडली तर "लागलं काय व?" म्हणत पाचही जणी तिच्याभोवती गोळा व्हायच्या आणि तेवढ्यात तिची मैत्रीण बॉल टाकून मोकळी व्हायची.

माझा राग तसा नाकावरच असतो. पहिल्या आठवड्यात मी इतकी ओरडले की घसा बसला. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पोरगी घरून वेगवेगळा काढा घेऊन आली आणि आपलाच काढा आधी प्यावा म्हणून हटून बसली. सगळे काढे प्यायल्यावर मला दिवसभर मळमळत होतं. अशा पोरींवर पुन्हा ओरडणार कसं?

आमचं कोर्ट कापसाच्या जुन्या गोदामात होतं. फार पूर्वी तिकडे अमेरिकेत युद्ध पेटलं, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या दिवसांत लोकांनी बैलबंडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्या होत्या, असं आमच्याकडे अजून सांगतात. मग युद्ध संपलं, भाव कोसळला, चांदी कुठे गेली देव जाणे. गोदाम तेवढं उरलं आणि हात बदलत बदलत कॉलेजकडे आलं. भिंती जाड, छप्पर उंच, आणि बॉल तुळईला लागला की अजूनही वरून कापसाचे पुंजके गळायचे आणि आमची कॅप्टन शिंकायला लागायची.

गोदामाच्या एका टोकाला रिंग होती. दुसऱ्या टोकाला कापसाच्या गाठी दाबायच्या जुन्या प्रेसचा दगडी ओटा होता, तो काही फुटेना, म्हणून तिकडे रिंग बसलीच नव्हती. त्यामुळे आमच्या पोरींना एकाच दिशेने खेळायची सवय. माझ्या आधीच्या वर्षी एका मॅचमध्ये हाफटाइमनंतर बाजू बदलल्या, पण आमच्या पोरी आपल्या नेहमीच्याच दिशेने गेल्या आणि कधी नव्हे ते त्यांचे बॉल पटापट रिंगमध्ये पडले. समोरच्या टीमने त्यांना टाळ्या वाजवून दाद दिली म्हणे.

प्राचार्यांनी मला बोलावून सरळ सांगितलं. "मॅडम, यंदा एक मॅच जिंका. एकच. नाही तर टीम बंद. गोदाम आहे, तर त्याचा गोदामासारखा उपयोग करू. मोडके बाक ठेवायला मला जागा नाही."

आणि निकालाची वाट न बघता त्यांनी बाक पाठवायला सुरुवातही केली. शिपाईकाका रोज दोन-तीन मोडके बाक आणून भिंतीशी रचायचे. मी ते बाहेर काढून ठेवायचे. काका पुन्हा आत आणायचे. "मॅडम, मले सायबांनी सांगतलं," ते म्हणायचे. "मलाही साहेबांनीच सांगितलंय," मी म्हणायचे. काकांचा दम माझ्यापेक्षा मोठा होता. आमचं कोर्ट दर आठवड्याला थोडं थोडं आक्रसत चाललं.

पोरींपैकी बाकीच्यांना टीम बंद झाल्याचं वाईट वाटलं असतं आणि मग त्या दुसऱ्या कशात तरी रमल्या असत्या. पण आमच्यात एक पोरगी होती, कॉलेजातल्या पोरांपेक्षाही उंच. नांदगाव खंडेश्वरकडची, शेतकऱ्याच्या घरची. उंचीची तिला इतकी लाज की चालताना मान खाली आणि खांदे पुढे. तिची आत्या येता-जाता म्हणायची, "इले नवरा काय झाडावरून उतरवाचा?" एकदा बाक काढताना मी तिला विचारलं, टीम बंद झाली तर काय करशील गं? तिने हातातला बाक खाली ठेवला.

"मॅडम, इथं आली का मले सरळ उभं राहाता येते. वर रिंगकडे पाहाच लागते ना. बाहेर मी कुठं उभी राहू?"

त्या दिवशी मी एकटीने चार-पाच बाक ओढत बाहेर नेले आणि काकांशी कडाकडा भांडले.

दिवाळीनंतर त्या उंच पोरीच्या घरी मारुतीला रोडग्यांचा नैवेद्य होता. शेतात, बोरीच्या झाडाखाली. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, वर तुपाची धार, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. सगळ्या टीमला आमंत्रण होतं आणि आमच्या पोरी जेवायला बसायच्या ऐवजी कंबरेला ओढण्या खोचून वाढायलाच लागल्या. पंगत मोठी. जेवणारे पाहुणे नेहमीप्रमाणे पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरून "पुरे, पुरे, जीव घेता काय" असं ओरडत होते.

आणि मी बघतच राहिले. कोर्टवर एकमेकींना "तू टाक, तू टाक" करणाऱ्या याच पोरी इथे एकमेकींना ढकलून पुढे घुसत होत्या. "काकाजी, हा माह्या हातचा!" कॅप्टन डावीकडून भाजी दाखवायची आणि पाहुण्याचे हात तिकडे गेले की उजवीकडून रोडगा टाकायची. आणि ती उंच पोरगी! एरवी मान खाली घालून वावरणारी, ती इथे ताठ उभी होती. पाहुण्यांचे हात खाली पत्रावळीवर आणि हिचा हात पार वर. वरून सोडलेला रोडगा दोन मनगटांमधून थेट वरणात पडत होता. एक जाडजूड मामा तर अंगच आडवं घालून पत्रावळ झाकून बसले होते. तिने त्यांच्या कानाजवळून रोडगा सोडला. बरोबर जागेवर पडला, वरण उडालं आणि सगळी पंगत हसली.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी उष्ट्या हाताने टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी मी रिंगखाली बोर्डावर एक पत्रावळ बांधली. "ही रिंग पाहुणी आहे," मी पोरींना सांगितलं. "लाजरी आहे. नको नको म्हणते. उपाशी गेली तर आपल्या घराचं नाव जाईल. आणि या आडव्या येणाऱ्या पोरी म्हणजे तिचे हात." पोरी आधी खूप हसल्या. मग कॅप्टनने बॉल घेतला, "घ्या ना बाई, एकच," म्हणाली आणि टाकला. पडला. तिला इतका आनंद झाला की तिने लगेच दुसरा वाढला.

त्या दिवसापासून गोदामात दुसरी भाषा ऐकू आली नाही. "घ्या ना!" "माह्या हातचा नाही घेतला!" "हा मोजाचा नाही, हा तं वरचा हाय!" शिपाईकाका बाक खांद्यावर घेऊन दारातच थबकायचे. "काय करून राहिल्या या पोट्ट्या?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पंगत चाललीय. ते पायातल्या चपला काढून आत आले.

तरी पहिल्या मॅचेस आम्ही हरलोच. आग्रह जमला होता, पण दुसऱ्या गावच्या पोरींनी मारलेले धक्के पोरींना मानवत नव्हते. शेवटची मॅच उरली ती अकोल्याला, अकोल्याच्याच कॉलेजशी. तोपर्यंत बाक फ्री थ्रोच्या रेषेपर्यंत आले होते.

आम्ही सकाळच्या एसटीने मूर्तिजापूरवरून अकोल्याला पोचलो. त्यांच्या टीमच्या मॅडम फाटकाशीच उभ्या होत्या. गोलमटोल, हसऱ्या, कपाळाला ठसठशीत कुंकू. "पयले जेवण," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मॅचनंतर जेवू. त्यांचा चेहरा पडला. "आमच्या अकोल्याले येऊन उपाशी खेळसान? लोक काय म्हणतीन आमाले?"

आता हे वऱ्हाडातल्या माणसाला मोडवतं काय? आम्ही बसलो. मी पोरींना डोळ्यांनी दटावलं, अर्धीच खा. पण पुरणपोळी होती. वर वाटी वाटी तूप. भजी, कढी, वांग्याची भाजी. त्यांच्या पोरी वाढत होत्या आणि मॅडम स्वतः माझ्यासमोर पोळी धरून उभ्या. "माह्या हातची नाही खासान?" मी दोन्ही हात पानावर आडवे धरले. बाईंनी माझ्या बोटांमधून पोळी सरकवली. त्यांची एक पोरगी मात्र पाणी पिऊन उभी होती, दुसरीही. त्यांच्यातल्या एकीनेही पोळीचा घास घेतला नव्हता. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी तिसरी पोळी संपवत होते.

पहिला हाफ मला नीट आठवत नाही, कारण मलाच पेंग येत होती. सुरुवातीला पंचाने बॉल वर उडवला, तेव्हा आमची कॅप्टन जांभई देत होती. एक पोरगी पळता पळता पोट धरून खाली बसली. उंच पोरगी रिंगखाली मान खाली घालून उभी होती, बाहेर रस्त्यावर उभी राहते तशीच. आमच्या नावावर जे काही होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. पलीकडे अकोल्याच्या मॅडम पदराने वारा घेत मंद हसत होत्या. मला त्यांचा इतका राग आला, आणि पोट इतकं भरलेलं, की नीट रागावताही येईना.

हाफटाइमला पोरी पाणी पीत बसल्या होत्या. तेवढ्यात ती उंच पोरगी म्हणाली, "मॅडम, त्यांनी आपल्याले पोटभर वाढलं. आता आपली पाळी हाय ना?"

सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. कॅप्टनने ओठांवरचं तूप पुसलं. "हो व," ती म्हणाली. "तसंच काहून जाऊ द्याचं?"

दुसऱ्या हाफमध्ये पोरी रिंगकडे धावल्या त्या आरडाओरडा करतच. "घ्या ना बाई! एकच!" आणि तेव्हा जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. अकोल्याच्या पोरी आमच्यासारख्याच घरांतून आल्या होत्या, आमच्यासारख्याच पंगतींत वाढल्या होत्या. "घ्या ना" कानावर पडताच डिफेन्सवाल्या दोघींनी झटकन हात खाली आणून पोटासमोर आडवे धरले. एक तर "नको नको, पुरे!" असंही म्हणाली. कॅप्टनने त्यांच्या डोक्यावरून बॉल टाकला.

"हात वर करा व!" अकोल्याच्या मॅडम किंचाळल्या. "ताट नाही ते!"

पोरी हात वर करायच्या, आमची कुणी "माह्या हातचा" म्हणाली की पुन्हा खाली आणायच्या. लहानपणापासूनची सवय, ती काय एका मॅचमध्ये सुटते? पंच नागपूरचे होते. त्यांनी दोनदा शिट्टी तोंडात धरली आणि काढून घेतली, कारण आग्रहाविरुद्ध कुठला नियमच नव्हता. मी बाकावर उभी राहून "वाढा! वाढा!" ओरडत होते. माझी झोप कुठच्या कुठे पळाली.

शेवटी आम्ही एकाच बास्केटने मागे राहिलो आणि वेळ संपत आला. बॉल कॅप्टनकडे होता. आणि तेवढ्यात जुना रोग उफाळला.

"तू टाक व."

"नाही माय, तूच."

मी डोकं धरून खाली बसले. बॉल फिरत फिरत रिंगखाली, त्या उंच पोरीकडे गेला. तिच्यासमोर त्यांची सगळ्यात दणकट पोरगी उभी होती, आणि या खेपेला तिने हात वरच ठेवले होते, अगदी ताणून. आमची पोरगी क्षणभर तशीच खांदे पाडून थांबली. मग ती सरळ झाली. मान, पाठ, टाचा, सगळी उभी राहिली आणि तरी उरली. त्या ताणलेल्या हातांच्याही वरून तिने बॉल अलगद सोडला, मामांच्या कानाजवळून रोडगा सोडला होता तसा. धक्का लागल्याची शिट्टी झाली. बॉल आत पडला होता आणि वर एक फ्री थ्रो मिळाला. तोही तिने वाढला.

आम्ही एका गुणाने जिंकलो. मी तिच्या गळ्यात पडून रडले, म्हणजे तिच्या बरगड्यांपाशी रडले, कारण त्याहून वर मी पोचत नव्हते. अकोल्याच्या मॅडम पदराने डोळे पुसत आल्या आणि माझ्या हातात एक गाठोडं ठेवलं. "वाटेत खा," त्या म्हणाल्या. "पोट्ट्या दमल्या असतीन." मी नको म्हटलं नाही.

आठवड्याने प्राचार्यांनी टीमचा फोटो काढायचं ठरवलं. फोटो गोदामातच, रिंगखाली. प्राचार्य खुर्चीत मधोमध, पोरी मागे रांगेत. फोटोग्राफरने कॅमेऱ्यातून बघितलं, मान हलवली आणि उंच पोरीला म्हणाला, "ताई, तुमी जरा वाका. डोकं कटून राहिलं."

मला वाटलं, वाकते आता.

"मी नाही वाकत," ती म्हणाली. "तुमी मांगं सरका."

"मांगं बाक हायेत ना," फोटोग्राफर वैतागला.

पोरी समोर बघत ताठ उभ्या राहिल्या. प्राचार्यांनी मागे वळून त्या पोरीकडे खालून वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी खाकरून शिपाईकाकांना हाक मारली.

"हे बाक काढा इथून."

काका इतक्या झटकन कामाला लागले की जणू सांगायचीच वाट बघत होते. पोरीही धावल्या. फोटोग्राफर सरकत सरकत पार जुन्या प्रेसच्या ओट्यापर्यंत गेला. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात आमची सगळ्यांची तोंडं बारीक आली आहेत, पण तिचं डोकं पूर्ण आलं आहे.