राक्षसांची वस्ती

माजिवड्याचा नाका मागे पडला तरी उत्तम आणि विश्राम यांचं भांडण काही मिटेना. त्या रविवारी रिक्षांचा बंद होता, म्हणून वर्तकनगरहून बाळकुमपर्यंत तिघं पायीच निघाली होती. पुढे ते दोघं हातवारे करत, आणि मागे नंदा, पिशवीत दोनशेपानी वही घेऊन.

"एका मिनिटात आठ वार," उत्तम म्हणाला. "पुस्तकात छापलंय."

"लिहिणाऱ्यानं कधी कोयता धरलाय का, साहेब? लाकडात रुतला तर तो उपटायलाच मिनिट जातंय."

"हे लाकूड नाही, ऑर्क आहे."

"मग त्याची हाडं काय लोण्याची?"

नंदाने पदर तोंडाला लावला. उत्तम तिचा धाकटा भाऊ. हसलेलं दिसलं असतं तर घरी जाईपर्यंत फुगून बसला असता.

उत्तम कोलशेत रस्त्यावरच्या एका कारखान्यात नकाशे काढायचा. विश्राम तांडेल तिथेच फिटर. बाळकुमचा कोळी, चाळिशी उलटलेला, हाताला ग्रीसचा वास आणि बोलण्यात खाडीचा हेल. दोन वर्षांपूर्वी, ब्याण्णव साली, उत्तमच्या मित्राने अमेरिकेहून एक खेळ पाठवला. एक जाड पुस्तक आणि नाना कोनांचे फासे. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातलं पात्र होऊन वागायचं, आणि वार लागला की हुकला ते फाशांवर ठरायचं. गोष्ट उत्तम सांगायचा. प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या नंदाला ते इंग्रजी झेपेना, म्हणून तिने दर रविवारी घडलेलं मराठीत उतरवायचं काम घेतलं. पुस्तकात ऑर्क नावाची हिरवी, सुळेवाली जमात होती. तिच्यासाठी नंदाने 'राक्षस' हा शब्द वापरला, आणि तिथेच घोटाळा झाला.

कारण विश्रामने राक्षसांचा नायक व्हायचं ठरवलं आणि दुसऱ्याच खेळात तो म्हणाला, "गोष्टीत आज सोमवार. माझा राक्षस हत्यार उचलणार नाही."

"ऑर्कांना कसला आलाय सोमवार!" उत्तम ओरडला.

"राक्षस म्हटलं की शंकराचा भक्त. बाई, खोटं आहे का?"

नंदा स्वतः सोमवार करायची. तिला खोटं म्हणवेना. तिने वहीत लिहिलं, 'राक्षसांनी उपास धरला, लढाई मंगळवारी.'

"पुस्तकात ते फक्त लढतात," उत्तम कुरकुरला.

"फक्त लढतात? मग रांधतं कोण? त्यांच्यात लग्नं लागत असतील ना? मग रुसून बसणारा एखादा मामा असणारच की!"

असं करत करत विश्रामने दलदलीच्या काठी राक्षसांची चाळीस घरं वसवली. कुणाचं जाळं विणायचं राहिलंय, कुणाची सून माहेरी गेलीये, सगळं त्याला तोंडपाठ. आणि मागच्या रविवारी उत्तमने जाहीर केलं की चिलखती वीर दलदलीतून धावत येऊन ती वस्ती जाळणार. विश्रामने फाशांवर हात ठेवला. तो हसत नव्हता.

"आधी आमच्या खाडीत धावून दाखवा, साहेब. धावलात तर जाळा वस्ती. नाही धावलात तर तुमच्या वीरांनी बोलणी करायची."

"कबूल," उत्तम म्हणाला.

बाळकुमला पोचली तेव्हा ओहोटी लागलेली. विश्रामने उत्तमच्या छातीपाठीला दोन ओली गोणपाटं बांधली, डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट चढवलं, हातात दांडकं दिलं. समोर चिखलात विश्रामची आत्या सखुबाई कमरेत वाकून शिवल्यांचे शिंपले वेचत होती. नंदाने मनात गावदेवीला हात जोडले, मात्र कुणाच्या बाजूने ते तिला ठरवता येईना. उत्तम सख्खा भाऊ खरा, पण त्या चाळीस घरांची माणसं तिनेच तर वहीत लिहून ठेवली होती.

उत्तम धावला. दोन पावलं बरी पडली. तिसरं पाऊल पोटरीपर्यंत गेलं, चौथं गुडघ्यापर्यंत. त्याने ईर्षेने दांडकं फिरवलं, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्या खेपेला त्या झोकानेच तो मटकन खाली बसला. एक चप्पल खाडीने ठेवून घेतली.

सखुबाईने मान वर केली. "कला रं बसलास चिखलान? ऊठ, नाय तं भरती येल तवा मासंच तुला येचतील!"

"आठ वार झाले का, साहेब?" विश्रामने काठावरून विचारलं.

"हेल्मेट काढा आधी!" आतून आवाज आला. "मला काही दिसत नाहीये!"

सखुबाईनेच त्याला बखोटीला धरून बाहेर काढलं. चिखलातून ती अशी तिरकी, पाय ओढत आली, जशी घरच्या ओट्यावरून चालतेय. उत्तम तिच्या पायांकडे बघत राहिला.

"ताई," शेवटी तो म्हणाला, "लिही. वीर दलदलीत रुतले. राक्षसांच्या एका म्हातारीने त्यांना बाहेर काढलं. आता बोलणी."

विश्रामने इतका लांब श्वास सोडला की नंदाने वळून पाहिलं. डोळे पुसायला त्याने ग्रीसचा रुमाल काढला आणि गालाला काळा पट्टा ओढून घेतला.

सखुबाईच्या ओट्यावर चहा झाला. उत्तम नळाखाली पाय धूत होता. नंदाने वही उघडून लिहायला घेतलं, 'राक्षसांच्या वस्तीत...'

विश्राम तिच्याजवळ येऊन बसला. जरा घुटमळला.

"बाई, एक मागू का?"

"मागा की."

"तो शब्द बदला. आपल्या घरात बसून कुणी स्वतःला राक्षस म्हणत नाही हो. ते लोक एकमेकांना काय म्हणतात, ते आधी त्यांना विचारा, आणि मग लिहा."